फुफ्फुस ९० टक्के वाया जात नाही हो!

मा. संपादक साहेब,
सप्रेम नमस्कार.

मागच्या रविवारच्या पुरवणीत श्वासावरचा अर्धा पानभर लेख आला होता तो वाचला. लेख तसा बरा होता, पण मधे जी रंगीत चौकट टाकलीय ना तुम्ही, "फुफ्फुसात ६ लिटर हवा मावते, आपण वापरतो फक्त अर्धा लिटर, म्हणजे ९० टक्के फुफ्फुस वाया!" आणि त्याखाली "रोज सकाळी फुफ्फुस पूर्ण रिकामं करा", ती वाचून माझा चहा गार झाला. दुपारपर्यंत तीच चौकट सोसायटीच्या ग्रुपवर, भिशीच्या ग्रुपवर आणि माहेरच्या ग्रुपवर येऊन गेली आणि नणंदेचा फोन आला की वहिनी तू इतकी वर्षं लोकांना फुंकायला लावत होतीस, हे कधी बोलली नाहीस? म्हणून लिहितेय. मी २८ वर्षं पीएफटी टेक्निशियन होते, पीएफटी म्हणजे फुफ्फुसाचं काम कसं चाललंय ते मोजायची टेस्ट, पेशंट लोक त्याला फुंकायची टेस्ट म्हणतात, आता रिटायर होऊन चार वर्षं झाली. चौकटीबरोबर जो फोटो छापलाय त्याबद्दलही बोलायचंय पण ते शेवटी.

आधी तो अर्धा लिटर. आत्ता हे वाचताना तुमचा जो श्वास चाललाय, लक्ष न देता, तो साधारण ५०० मिली. त्याला टायडल व्हॉल्यूम म्हणतात, भरती ओहोटीवरून. आता हा नेहमीचा श्वास घेऊन झाल्यावर थांबू नका, अजून ओढा, अजून ओढा, खांदे वर जाईपर्यंत, तर आणखी जवळपास ३००० मिली आत जातं. परत नॉर्मलला या, नेहमीसारखा श्वास सोडा आणि सोडून झाल्यावर पोट आत घेऊन जोर लावा, अजून ११०० मिली बाहेर येईल. आणि आता काहीच उरलं नाही असं वाटतं तेव्हासुद्धा आत १२०० मिली शिल्लक असते, ती तुम्ही डोळे पांढरे होईपर्यंत जोर लावला तरी बाहेर येत नाही, तिला रेसिड्युअल व्हॉल्यूम म्हणतात. सगळी बेरीज केली की ५८००. तुमचे ६ लिटर ते हेच, आणि तेही पुस्तकातल्या तरुण धडधाकट पुरुषाचे. पाच फुटी बाईची पूर्ण फुंक अडीच लिटर आली तरी ती अगदी नॉर्मल असू शकते, उगाच घाबरू नये.

आमच्याकडे शिकायला मुलं यायची त्यांचा व्हॉल्यूम आणि कपॅसिटी यात कायम गोंधळ. मी सांगायचे की व्हॉल्यूम म्हणजे सुट्टे आणि कपॅसिटी म्हणजे बंदे. वर सांगितले ते चार सुट्टे तुकडे, त्यातले दोन तीन एकत्र केले की कपॅसिटी. पूर्ण आत ओढून पूर्ण बाहेर सोडलं की जेवढं बाहेर येतं ती व्हायटल कपॅसिटी, ४६०० च्या आसपास. नॉर्मल श्वास सोडल्यावर जे आत राहतं, म्हणजे ते ११०० अधिक १२०० असे २३००, ती एफआरसी. ही एफआरसी लक्षात ठेवा, पुढे लागणारे.

आता "वाया" बद्दल. वरचे ते ३००० मिली वाया कसे? दादरच्या पुलावरून धावत खाली उतरून गाडी पकडता तेव्हा तुमचा एकेक श्वास दोन लिटरच्या वर जातो, तो कुठून येतो मग? वर्षाचे गहू भरून ठेवलेत, आज दोन वाट्या दळले म्हणून बाकीचं पोतं वाया गेलं असं कोणी म्हणतं का. शिंक, खोकला, बाळंतपणातली कळ, जिना, गाणं, मुलावर ओरडणं, सगळं त्या साठ्यातून चालतं. खोकल्याचं तर लोकांच्या लक्षातच येत नाही, आधी नीट आत ओढता आलं तरच खोकला जोरात येतो आणि कफ सुटतो, पोटाच्या ऑपरेशननंतर टाके दुखतात म्हणून माणूस मोठा श्वास घेत नाही आणि मग कफ खाली बसतो.

आणि खालची ती १२०० मिली, जी तुम्ही "रिकामी करा" म्हणताय. दुधाची पिशवी धुवून ठेवली की तिच्या दोन्ही बाजू ओल्याने एकमेकींना चिकटतात आणि उघडायला नख लावावं लागतं, बघितलंय ना? फुफ्फुसातले हवेचे बारीक फुगे आतून असेच ओले असतात, पूर्ण रिकामे झाले तर चिकटून बसतील आणि प्रत्येक श्वासाला ते नव्याने उघडायला केवढी ताकद लागेल. ती चिकट कमी करायला शरीर एक साबणासारखा पदार्थ तयार करतं, सर्फॅक्टंट, फार आधी जन्मलेल्या बाळांमधे तो पुरेसा नसतो म्हणून ती बाळं श्वासाला इतकी झगडतात, १९५९ साली हे कारण सापडलं. तेव्हा ती शिल्लक हवा मुद्दाम ठेवलेली आहे. आणि खरंच राहते का हे बघायचं असेल तर मटणवाल्याकडून बोकडाच्या फुफ्फुसाचा तुकडा आणून पाण्यात टाका, तरंगतो. बोकड मेलाय, फुफ्फुस कापलंय, तरी हवा आतच. (आमचे हे म्हणाले हे पेपरला लिहू नकोस, शाकाहारी वाचक चिडतील. चिडोत.)

गंमत म्हणजे ही शिल्लक हवा आमच्या फुंकायच्या मशीनवर दिसतच नाही, कारण मशीन बाहेर आलेलं मोजतं आणि ही बाहेर येतच नाही. हम्फ्री डेव्हीने १८०० च्या सुमाराला स्वतःवर हायड्रोजन वापरून ती मोजली होती, हायड्रोजन आत घेऊन आतल्या हवेत तो किती पातळ झाला त्यावरून हिशोब. आता त्याच युक्तीने हीलियम वापरतात. दुसरी पद्धत म्हणजे काचेची बंद पेटी, जुन्या पीसीओच्या बूथएवढी, आत पेशंटला बसवायचं, नळी मधेच बंद करायची आणि त्याला श्वास ओढायचा प्रयत्न करायला लावायचा, छाती फुगते तसा पेटीतला दाब बदलतो आणि त्यावरून बॉईलच्या नियमाने आत किती हवा आहे ते निघतं, तोच शाळेतला नियम, जागा वाढली की दाब कमी. ही पद्धत १९५६ पासून आहे. पेटीचं दार लावलं की निम्मे पेशंट घाबरायचे, एक आजोबा तर आत बसून मोठ्याने रामरक्षा म्हणायला लागले, नळी तोंडात घ्या हो म्हणून मी बाहेरून काच वाजवतेय.

एफआरसीकडे येते. दोन श्वासांच्या मधे, म्हणजे सोडून झालाय आणि पुढचा अजून घेतला नाही, तेव्हा आत ते २३०० मिली असतंच. सोसायटीच्या टाकीत पाणी असलं की नगरपालिकेचा नळ गेला तरी लगेच बोंब होत नाही, तसं. प्रत्येक श्वासाला या टाकीत खरी ताजी हवा जाते ती फक्त ३५० मिली, साधारण सातवा हिस्सा. म्हणून रक्तातला ऑक्सिजन प्रत्येक श्वासागणिक वर खाली उड्या मारत नाही, एका पातळीत राहतो. ऑपरेशनच्या आधी भूलतज्ज्ञ तोंडावर मास्क लावून तीनेक मिनिटं ऑक्सिजन देतात ना, तो हीच टाकी भरून ठेवायला, पुढे नळी टाकेपर्यंत श्वास बंद राहिला तरी वेळ मिळावा म्हणून. गरोदर बाईची, लठ्ठ माणसाची टाकी लहान असते, आडवं झाल्यावर अजून लहान होते, म्हणून तिथे ते जास्त सावध असतात. आणि तुम्ही म्हणता वाया!

३५० का म्हटलं, ५०० का नाही, तर १५० मिली नाकापासून बारीक नळ्यांपर्यंतच अडकते, तिथे रक्ताशी देवाणघेवाण होत नाही. हा हिशोब प्रत्येकाने एकदा करावा. मिनिटाला १२ श्वास, प्रत्येकी ५००, एकूण ६ लिटर, त्यातले कामाचे ३५० गुणिले १२ म्हणजे ४२००. आता भरभर २४ श्वास घ्या २५० चे, एकूण तेच ६ लिटर, पण कामाचे फक्त २४००. आणि ४० श्वास १५० चे, पुन्हा एकूण ६ लिटर आणि कामाचं शून्य, सगळी हवा जिन्यातच वर खाली, घरात कोणी आलंच नाही. कुत्रा धापतो तो जवळजवळ असाच, त्याला त्यातून अंग गार करायचं असतं. माणूस घाबरून असं करायला लागला तर बाहेरून वाटतं किती श्वास घेतोय बिचारा. तेव्हा लेखात "संथ आणि खोल श्वास" लिहिलंय ते शंभर टक्के बरोबर, माझं भांडण फक्त चौकटीशी आहे. प्राणायामाशी तर अजिबात नाही, मी स्वतः रोज करते, स्नायूंना चांगला, मनाला चांगला, पण मोठ्या माणसाची एकूण कपॅसिटी त्याने दीडपट होत नाही, ती मुख्यतः उंचीवर ठरलेली असते.

आता खरं दुखणं सांगते. "क्षमता वाढवा, क्षमता वाढवा" हे जे चाललंय सगळीकडे, पावडरी काय, काढे काय, त्यात लोकांना वाटतं जेवढं मोठं फुफ्फुस तेवढं चांगलं. आमच्याकडे एक आजी आल्या होत्या जावळी तालुक्यातून, उभ्या आयुष्यात विडी नाही, तंबाखू नाही, फक्त चाळीस वर्षं चुलीपुढे. दोन वर्षं दम लागत होता. ईसीजी झाला, टूडी एको झाला, एक्सरे तीन वेळा झाला, खोकल्याच्या बाटल्या किती प्यायल्या देव जाणे, पण कोणी एकदा फुंकायला लावलं नाही. मला म्हणाल्या बाई वजन उतरतंय पण झंपर छातीला घट्ट होतोय हे काय गणित आहे. गणित असं होतं की हवा आत जात होती पण बाहेर येत नव्हती, बारीक नळ्या सोडताना मिटत होत्या, शिल्लक हवा वाढत वाढत छाती पिंपासारखी फुगली होती. त्यांची एकूण कपॅसिटी नॉर्मलपेक्षा जास्तच निघाली! तुमच्या चौकटीच्या हिशोबाने आजींचा पहिला नंबर. पण त्या दहा पावलं चालल्या की बसत होत्या, कारण आत सगळी जागा शिळ्या हवेनेच अडवलेली, नवी घ्यायला जागाच नाही.

म्हणून या आजाराला, सीओपीडीला, म्हणजे श्वासनळ्या कायमच्या अरुंद होण्याला, आम्ही आधी बघतो ते किती फुंकलं हे नाही, किती वेगात फुंकलं ते. जोर लावून फुंकल्यावर पहिल्या सेकंदात किती बाहेर आलं ते एफईव्ही वन, भागिले एकूण फुंक. औषधाची वाफ देऊन पंधरा मिनिटांनी परत फुंकल्यावरही हा भागाकार ०.७० च्या खाली असेल तर नळ्या अडल्यात. आजींचा ०.४८ होता. अशा पेशंटला तुम्ही सांगणार जोर लावून फुफ्फुस पूर्ण रिकामं करा? जितका जोर लावेल तितक्या बाहेरून दाब पडून नळ्या आणखी मिटणार. त्यांना शिकवायचं ते उलटं, शिट्टी वाजवताना करतो तसे ओठ करून हळू, फुकट जोर न लावता सोडायचं. आजी म्हणाल्या हे तर मी चुलीवर फुंकणीने करतेच की. नाही आजी, ते जोरात, हे हळू.

आमचे सासरे लालबागच्या एका गिरणीत कार्डिंग खात्यात, म्हणजे कापूस पिंजायच्या खात्यात होते. सुट्टीनंतर कामावर गेले की सोमवारी छाती आवळायची, शनिवारपर्यंत जरा बरं, रविवारी छान, परत सोमवारी तेच. कापसाच्या धुळीने होतं ते, बिसिनोसिस, जगभर या सोमवारच्या खुणेवरूनच ओळखतात. सासऱ्यांना टीबी म्हणून वर्षभर गोळ्या दिल्या कोणीतरी. १९८२ च्या संपात काम सुटलं तेव्हा घरात खायचे वांधे होते पण ते म्हणायचे सोमवार गेला माझा. मी या लाईनला आले त्यानंतर बऱ्याच वर्षांनी, आणि शिकताना पुस्तकात तो एक परिच्छेद वाचला तेव्हा बराच वेळ पुढचं पान उलटलं नाही. शिफ्टच्या आधी आणि शिफ्टनंतर एकेकदा फुंकायला लावलं असतं तरी फरक दिसला असता. दहा मिनिटांचं काम.

आणि ते दहा मिनिटांचं कामही नीट व्हायला हवं, नाहीतर रिपोर्ट म्हणजे नुसता कागद. सकाळी आल्यावर पहिलं काम तीन लिटरच्या मोठ्या सिरिंजने मशीनला हवा द्यायची आणि मशीन तीनच दाखवतंय ना बघायचं. मग पेशंट, नाकाला चिमटा, कवळी असेल तर असू द्या, ओठ घट्ट, पूर्ण आत, पूर्ण, पूर्ण, आणि फुंका फुंका फुंका अजून अजून अजून, सहा सेकंद, माझा आवाज संध्याकाळपर्यंत बसलेला असायचा. तीन चांगल्या फुंका, त्यातल्या सगळ्यात चांगल्या दोन एकमेकींपासून १५० मिलीच्या आत. नुकताच हार्ट अटॅक आला असेल किंवा मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं असेल तर फुंकायला लावायचं नाही, हे विचारायचंच.

आणि उंची! मशीन तुमच्या वय, उंची, बाई की पुरुष यावरून "अपेक्षित" आकडा काढतं, आणि लोक उंची विचारून लिहितात. विचारून! पासष्टीच्या माणसाला विचाराल तर तो कॉलेजमधली सांगतो, पाच इंच पाठ वाकलीय तरी पाच सातच. मग अपेक्षित आकडा चढतो आणि चांगल्या माणसाची फुंक कमी ठरते. चपला काढून भिंतीला उभं करून मोजायची, पाठीला बाक असेल तर दोन्ही हात पसरून बोटाच्या टोकापासून टोकापर्यंत मोजायचं. उंचीचं हे नातं काही आजचं नाही, जॉन हचिन्सन नावाच्या इंग्रज डॉक्टरने १८४६ मधे स्पायरोमीटर, म्हणजे फुंक मोजायचं यंत्र, बनवून खलाशी, पोलीस, आगीच्या बंबावरचे, पैलवान, भिकारी अशा दोन हजारांवर लोकांना फुंकायला लावून दाखवलं होतं की माणूस जितका उंच तितकी फुंक मोठी. व्हायटल कपॅसिटी हे नावही त्याचंच, विमा कंपन्यांना याचा उपयोग होईल असं त्याला वाटत होतं, पुढे गडी ऑस्ट्रेलियाला गेला आणि १८६१ मधे फिजी बेटावर वारला. मी शिकवताना त्याचं नाव घेतल्याशिवाय पुढे जात नसे.

दुसरी एक सेटिंगची भानगड. मशीनमधे पेशंट कुठल्या वंशाचा ते निवडायचं असायचं आणि बऱ्याच मशीनमधे आधीपासून युरोपियन निवडलेलं. एका ठिकाणी नवीन मशीन आलं, आठवडाभर जो येईल त्याला "रिस्ट्रिक्शन", म्हणजे फुफ्फुस आक्रसलंय, धडधाकट वॉचमनलासुद्धा. कोणी सेटिंग बघितलंच नव्हतं. २०२३ मधे अमेरिकेतल्या छातीच्या डॉक्टरांच्या संस्थेने वंशावरून आकडे बदलणं बंद करा, सगळ्यांना एकच समीकरण वापरा असं सांगितलं, त्यावर अजून वाद चालू आहेत, पण निदान आपल्या रिपोर्टवर कुठलं समीकरण वापरलंय ते छापलेलं असतं ते बघा, डॉक्टरांना विचारा, विचारायला लाजू नका.

आता फोटो. चौकटीशेजारी तीन गोळ्यांचं ते प्लॅस्टिकचं यंत्र तोंडाला लावलेल्या माणसाचा फोटो आहे, कोरोनात घराघरात आलं होतं ते. त्यावर ६००, ९००, १२०० असं लिहिलेलं असतं आणि लोक समजतात ही मिलीलिटरमधली क्षमता, तिसरी गोळी वर गेली की १२०० झाली. ती क्षमता नाहीच, तो वेग आहे, सेकंदाला किती सीसी हवा ओढताय तो. झटकन एक जोरदार ओढ मारली की तिन्ही गोळ्या टणकन वर जातात आणि आत हवा गेलेली असते थोडीच. हवं असतं ते हे की एक दोन गोळ्या वर नेऊन तिथे धरून ठेवायच्या, जेवढा वेळ धरता येतील तेवढा, म्हणजे फुफ्फुसाच्या तळापर्यंत हवा पोचते. ते १० सेकंद श्वास रोखून धरा म्हणजे कोरोना नाही हे फॉरवर्डही तेव्हाचंच, ते तर साफ खोटं होतं, पण ते असो.

तर विनंती एवढीच की पुढच्या रविवारी जमलं तर छोटी दुरुस्ती छापा, "९० टक्के वाया" आणि "पूर्ण रिकामं करा" ही दोन वाक्यं चूक होती एवढं लिहिलंत तरी चालेल, माझं पत्र कापून छापलंत तरी चालेल, आजींचा भाग ठेवा फक्त. आणि फोटो परत वापरणार असाल तर नीट बघा, त्यातले गृहस्थ गाल फुगवून त्या यंत्रात फुंकतायत. गोळ्या तिन्ही तळाला बसल्यात. ते ओढायचं असतं हो.

आपली नेहमीची वाचक,
एक निवृत्त पीएफटी टेक्निशियन, सातारा